वकिलातीतला सल्लागार

वकील म्हटला की आम्हां जासईकरांच्या डोळ्यांपुढे काळा कोट उभा राहतो. त्यात नवल नाही. आमच्या उरण-पनवेल भागातल्या जमिनी गेल्या, नवी मुंबई आली, बंदर आलं, आणि मोबदल्याच्या दाव्यांपायी कितीतरी घरांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ज्यांच्या मागे हा सगळा मुलूख उभा राहिला ते दि. बा. पाटील जासईचेच, आणि शिक्षणाने वकीलच. तेव्हा 'वकिलात' हा शब्द कानावर पडला की ते पनवेलच्या कोर्टापेक्षा मोठं असं एखादं कोर्ट असावं, अशी आमच्याकडे पुष्कळांची समजूत होते.

मागच्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. राज्यशास्त्र घेऊन एम. ए. झालेला, आणि सध्या कंटेनर यार्डात कारकुनी करणारा. त्याच्या मोबाईलवर एक जाहिरात होती. दिल्लीतल्या एका परदेशी वकिलातीला 'सुरक्षा व प्रादेशिक धोरण सल्लागार' पाहिजे होता. "सर, हे नेमकं काय काम असतं?" त्याने विचारलं. बरोबर त्याची आई होती. ती म्हणाली, "सुरक्षा म्हणजे वाचमनच ना? यार्डाच्या गेटावर उभे असतात तसा? मग त्यासाठी याला एवढं शिकवलं कशाला?"

मला हसू आलं, पण ती माउली काही वेडंवाकडं बोलली नव्हती. आमच्या गावात 'सिक्युरिटी'चा अर्थ तोच आहे. निळा शर्ट, शिट्टी आणि बारा तासांची पाळी. त्या दिवशी त्या दोघांना जे सांगितलं, तेच आज थोडं सविस्तर आपल्यापुढे मांडतो. शिक्षकमंडळींना वर्गात सांगायला त्यातलं काही उपयोगी पडेल.

आधी शब्दच पाहू. ज्याच्यावर एखादं काम विश्वासाने सोपवलं तो वकील. कोर्टातला वकील पक्षकाराच्या वतीने बोलतो, तसा दरबारातला वकील आपल्या राज्याच्या वतीने बोलायचा. पेशवाईत वकील हा शब्द मुख्यतः या दुसऱ्या अर्थानेच चाले. म्हणून परदेशातल्या सरकारी कचेरीला मराठीत वकिलात म्हणतात. तिचा प्रमुख तो राजदूत. जी राष्ट्रं राष्ट्रकुलात आहेत, ती एकमेकांकडच्या प्रमुखाला उच्चायुक्त म्हणतात. मोठ्या व्यापारी शहरांत असते ती वाणिज्य वकिलात. पासपोर्ट हरवला, माणूस तुरुंगात पडला, खलाशी जहाजावर अडकला, की पहिली धाव तिथे.

आता या कचेरीत राजदूत एकटा नसतो. व्यापार पाहणारा वेगळा, व्हिसा पाहणारा वेगळा, सैन्यातला एखादा अधिकारी 'डिफेन्स अटॅशे' म्हणून असतो, आणि राजकीय शाखेत बसून त्या देशात आणि आजूबाजूला काय शिजतंय हे पाहणारे काहीजण असतात. आपला सल्लागार यांतला. त्याचा रोजचा दिवस सांगितला तर कोणाला रोमांच उभे राहणार नाहीत. सकाळी तिथल्या भाषेतली वर्तमानपत्रं वाचायची. संसदेत कोण काय बोललं, कोणत्या सेनापतीची बदली झाली, कोणत्या सरहद्दीवर नवा रस्ता झाला, धान्याचा भाव का चढला, हे टिपायचं. दुपारी एखाद्या प्राध्यापकाला, पत्रकाराला, व्यापाऱ्याला, दुसऱ्या वकिलातीतल्या आपल्यासारख्याच माणसाला भेटायचं. चहा पुष्कळ प्यावा लागतो. आणि संध्याकाळी त्या सगळ्यातून एक टिपण लिहायचं, बहुधा दोन पानांचं. इथेच खरी कसोटी. आम्हाला काय कळलं, ते कोणाकडून कळलं, त्यावर किती भरवसा ठेवावा, आणि यातून आपल्या देशाच्या माणसांवर काय येऊ शकतं, हे चार धागे त्या दोन पानांत सुटे दिसले पाहिजेत. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट एकाच वाक्यात कालवली, की टिपण वाया गेलं.

"म्हणजे हेरगिरीच की," असं कोणी म्हणेल. तशी नाही. १९६१ साली व्हिएन्ना शहरात राष्ट्रांनी मिळून वकिलातींबद्दल एक करार केला. त्याच्या तिसऱ्या कलमात वकिलातीची कामं दिली आहेत. आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करणं, आपल्या नागरिकांचं हित जपणं, वाटाघाटी करणं, मैत्री वाढवणं, आणि यजमान देशातली परिस्थिती जाणून घेऊन ती आपल्या सरकारला कळवणं. मात्र हे जाणून घेणं कायदेशीर मार्गांनीच झालं पाहिजे, अशी अट त्याच कलमात आहे. यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हेही त्या करारात आहे. कोणी मर्यादा ओलांडली, तर यजमान देश कारण न देता त्याला 'नकोसा' ठरवून परत पाठवू शकतो. आणि टपालाची थैली कोणी उघडायची नाही, असाही नियम आहे. थैली हा शब्द आपल्याला पेशव्यांच्या दप्तरातही भेटतोच.

त्या दप्तराकडे जरा वळू, कारण हे काम आपल्याला परकं नाही. नाशिककडचे हिंगणे हे दिल्लीच्या बादशाही दरबारात मराठ्यांचे वकील होते. महादेवभट हिंगणे आणि त्यांच्यानंतर त्यांचे मुलगे, असं पिढीजात ते काम चाललं. निजामाकडे गोविंदराव काळे होते. ही मंडळी तिथे काय करीत? दरबारात कोण वर आला, कोण पडला, फौजा कुठे हलल्या, कोणाचा खजिना रिकामा झाला, हेच कळवीत. म्हणजे आजच्या भाषेत सुरक्षा आणि प्रादेशिक धोरण. इंग्रजांचा चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात रेसिडेंट होता, तोही हेच करी, फक्त उलट बाजूने. पुण्याच्या रेसिडेंटांचा पत्रव्यवहार पुढे यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली खंडाखंडांनी छापला गेला आहे. तो चाळला की पेशव्यांच्या घरातलं किती बारीकसारीक त्यांना ठाऊक होतं ते पाहून आजही मन अस्वस्थ होतं.

पण हिंगण्यांच्या कथेला एक दुसरी बाजू आहे. दिल्लीकडे मराठ्यांचे सरदार अंताजी माणकेश्वर होते. त्यांचं आणि हिंगण्यांचं जमेना. दोघेही पुण्याला पत्रं लिहीत आणि दोघेही एकमेकांवर आरोप करीत. आता पुण्यात बसलेल्या पेशव्याने काय समजावं? दिल्ली दूर, टपाल घोड्यावरून आणि पायी. बातमी कळवणाऱ्याचं स्वतःचं भांडण बातमीत मिसळलं, की धनी आंधळा होतो. मला वाटतं, या विषयावरचा सगळ्यात मोठा धडा तिथे आहे, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो लढायांच्या खाली दबून गेला आहे.

जाता जाता एक गंमत. राघोबादादांनी १७८१ साली आपली बाजू मांडायला हनुमंतराव नावाचा वकील थेट इंग्लंडला पाठवला. बरोबर दोघे पारशी होते. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न आला, तेव्हा एडमंड बर्क या प्रसिद्ध ब्रिटिश पुढाऱ्याने आपल्या गावच्या घरी त्यांना राहायला नेलं, आणि स्वयंपाकासाठी बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. पाहुण्याची अडचण ओळखणं हाही मुत्सद्देगिरीचाच भाग.

आता आपल्या काळाकडे येऊ. मराठी माणसाने हे काम कसं केलं याचं माझ्या डोळ्यांपुढचं उदाहरण आप्पासाहेब पंतांचं आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचे ते चिरंजीव, जन्म १९१२ चा. भवानराव म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे. या बापलेकांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली औंध संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली आप्पासाहेब ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, नैरोबीला, भारताचे कमिशनर म्हणून गेले. तिथे हिंदी वस्ती मोठी. दुकानदार, कारकून, रेल्वे बांधायला गेलेल्यांचे वंशज. तेव्हा आपल्या माणसांच्या दुकानांचं रक्षण एवढंच पाहावं, की उद्या हा देश ज्यांचा होणार त्या आफ्रिकी लोकांशी मैत्री करावी? आप्पासाहेबांनी दुसरी वाट धरली. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी घरोब्याचे संबंध ठेवले, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना ते खपलं नाही. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा ज्या जोमो केन्याटांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं होतं तेच देशाचे प्रमुख झाले. प्रादेशिक धोरण म्हणजे काय, ते यावरून समजावं. आज खुर्चीवर कोण आहे हे सगळ्यांना दिसतं, उद्याचा माणूस हुडकावा लागतो.

पुढे १९५५ ते १९६१ ते गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर होते. नाव सिक्कीमचं, पण काम भूतानचंही आणि तिबेटातल्या भारतीय कचेऱ्यांचंही. ल्हासाला आपली वाणिज्य वकिलात होती, यातुंग आणि ग्यांत्से इथे व्यापारी कचेऱ्या होत्या. खेचरांच्या तांड्यांवरून लोकर खाली येई, कापड आणि किराणा वर जाई. १९५४ साली चीनशी करार होऊन आपण तिबेटातल्या आपल्या लष्करी तुकड्या काढून घेतल्या होत्या. तेव्हा वर काय चाललं आहे हे कळायला राहिले ते हे कचेरीतले लोक, व्यापारी, लामा आणि वाटसरू. १९५८ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू भूतानला गेले, ते नथु ला खिंडीतून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. भारतातून भूतानला तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. त्या प्रवासात आप्पासाहेब बरोबर होते. पुढच्याच मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. १९६२ च्या ऑक्टोबरात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. हिमालयातून आलेल्या कागदांचं दिल्लीत काय केलं गेलं, यावर ग्रंथांचे ग्रंथ झाले आहेत, त्यात मी शिरत नाही. सल्लागार लिहितो, निर्णय दुसराच कोणी घेतो. हे ज्याला सोसत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

तुम्ही म्हणाल, हे सगळं हिमालयातलं आणि आफ्रिकेतलं, जासईला त्याचं काय? तर ऐका. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर न्हावा-शेवाचं बंदर आहे, १९८९ साली सुरू झालेलं. १३ एप्रिल २०२४ रोजी 'एम. एस. सी. एरिस' नावाचं कंटेनर जहाज याच बंदराकडे यायला निघालं होतं. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणी सैनिक हेलिकॉप्टरमधून दोरावरून डेकवर उतरले आणि जहाज ताब्यात घेतलं. जहाजावर पंचवीस माणसं, त्यांतली सतरा भारतीय. रायगडात ज्यांच्या घरचा कोणी बोटीवर आहे, त्यांनी ते दिवस कसे काढले असतील ते सांगायला नको.

अशा वेळी तेहरानच्या वकिलातीत बसलेल्या माणसाला कोणत्या प्रश्नांची उत्तरं काढावी लागतात, याचा विचार करा. हा राग भारतावर आहे का? नाही. १ एप्रिलला सीरियात, दमास्कसला, इराणी वाणिज्य वकिलातीच्या इमारतीवर हल्ला झाला होता. इराणने त्याचा दोष इस्रायलला दिला. आणि हे जहाज एका इस्रायली उद्योगपतीच्या कुटुंबाशी संबंधित कंपनीचं. त्याच रात्री इराणने इस्रायलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. म्हणजे आपली सतरा पोरं दुसऱ्याच्या भांडणात सापडली होती. मग बोलायचं कोणाशी? परराष्ट्र खात्याशी, की जहाज ज्यांनी धरलं त्या क्रांतिरक्षक दलाशी? जहाजाचा आणि मालाचा वाद एकीकडे ठेवून माणसांचा प्रश्न वेगळा काढता येईल का? दिल्लीहून परराष्ट्रमंत्री जयशंकर इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले, वकिलातीने खलाशांची भेट मागितली. १८ एप्रिलला त्या जहाजावरची एकुलती एक मुलगी, केरळची डेक कॅडेट, घरी पोहोचली. ९ मे रोजी आणखी पाच भारतीय सुटले. बाकीच्यांना अजून थांबावं लागलं. पाच दिवसांत एक आणि महिन्यात सहा, हे काम किती चिवटपणे करावं लागतं याचं हे माप.

तोच काळ तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होण्याचा. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनचे हुथी बंडखोर जहाजांवर तुटून पडू लागले. युरोपला जाणारी जहाजं सुवेझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा ते चौदा दिवस जास्त, भाडं जास्त. नाशिकची द्राक्षं आमच्याच बंदरातून युरोपला जातात. द्राक्षाला काय ठाऊक वळसा! तो हंगाम बागाईतदारांना जड गेला. येमेनमधली बंडाळी किती दिवस चालेल याचा कोणीतरी कुठेतरी केलेला अंदाज हा असा निफाडच्या बागेपर्यंत येऊन पोहोचतो.

धोक्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण जाहिरातीत तो लिहिलेला नसतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ हे दिवस आमचा भाग विसरणं शक्य नाही. जमिनीच्या लढ्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. आमची माणसं त्या दुःखात होती, तेव्हा तीनच आठवड्यांत दूर इंग्लंडमध्ये आणखी एक बातमी घडली. बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीतले अधिकारी रवींद्र म्हात्रे यांना ३ फेब्रुवारीला काश्मिरी दहशतवाद्यांनी पळवलं. ते मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाले होते. दिल्लीच्या तुरुंगातल्या मकबूल बटला सोडा, अशी मागणी आली, आणि ती पुरी व्हायची वाट न पाहता म्हात्र्यांना गोळ्या घातल्या. पुण्यात मुठेवर म्हात्रे पूल आहे. त्यावरून रोज हजारो गाड्या जातात, पण हे म्हात्रे कोण हे किती जणांना ठाऊक असेल? आमच्या वर्गात निम्मी पोरं म्हात्रे, त्यांनाही ठाऊक नव्हतं. ७ जुलै २००८ रोजी काबूलच्या भारतीय वकिलातीच्या दारावर बॉम्बने भरलेली मोटार आदळली. त्यात डिफेन्स अटॅशे ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि राजकीय शाखेचे व्यंकटेश्वर राव गेले. आज आपण ज्या कामाबद्दल बोलतो आहोत, नेमकं तेच काम करणारे ते दोघे.

माझ्या विद्यार्थ्याच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग तिने जो प्रश्न विचारला तो एम. ए.च्या वर्गातही मला कोणी विचारला नव्हता. "पण सर, हा तर परक्यांच्या वकिलातीत बसणार. आपल्याकडच्या गोष्टी त्यांना सांगायच्या, म्हणजे चहाडीच ना?"

प्रश्न रास्त आहे. परदेशी वकिलाती इथल्या शिकलेल्या माणसांना नोकरीवर ठेवतात, कारण त्यांच्या अधिकाऱ्याची तीनचार वर्षांत बदली होते, भाषा आणि माणसं ओळखणारा कोणीतरी कायमचा लागतो. काम उघड असतं. छापून आलेलं वाचायचं, चारचौघांत बोललेलं ऐकायचं, त्याचा अर्थ लावून द्यायचा. आपला देश बाहेरच्यांना नीट कळावा यात आपलंही हित आहे. पण रेषा आहे. गुप्त कागद, लष्कराच्या हालचाली, बंदराच्या आतले बंदोबस्त, यांना हात लावायचा नाही. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा आजही आहे आणि तो कडक आहे. असं काही कोणी विचारलं तर त्या खुर्चीवरून उठून यावं. शिवाय राजदूताला जे संरक्षण मिळतं ते अशा स्थानिक नोकराला मिळत नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं, तेव्हा परदेशी अधिकारी विमानांनी निघाले, आणि त्यांच्या कचेऱ्यांतले किती तरी अफगाण कारकून, दुभाषे मागे राहिले. हेही मी त्याला सांगितलं. आपल्याच देशाच्या वतीने हे काम करायचं, तर लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागते. ती वाटही त्याला दाखवली.

आणि एक अभ्यास दिला. म्हटलं, "जासई-दास्तान फाट्याकडे ट्रेलरची रांग लागते, ती का लागते, यावर एक पान लिहून आण." दुसऱ्या दिवशी पान आलं. सुरुवात होती, 'लोक म्हणतात की परदेशातल्या लढायांमुळे बंदराचा धंदा बसला आहे.' मी 'लोक' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि विचारलं, कोण लोक? किती? त्यांना कसं ठाऊक?

तो आठवडाभर चहाच्या टपरीवर बसला. नंतरच्या पानावर असं होतं: सात ड्रायव्हरांना विचारलं. चौघे म्हणाले, यार्डात गेट उघडायला वेळ लागतो. दोघे म्हणाले, रांग पूर्वीही एवढीच असायची. एकजण म्हणाला, रस्त्याचं काम चाललं आहे म्हणून. परदेशातल्या लढाईचं नाव कोणीही घेतलं नाही. शेवटी त्याने लिहिलं होतं की, सात माणसांवरून निश्चित काही सांगता येत नाही, यार्डातली नोंदवही पाहायला मिळाली तर सांगता येईल, आणि ती पाहायला परवानगी लागेल.

दिल्लीच्या त्या जागेवर त्याची निवड झाली नाही. तो आता पुढच्या परीक्षेची तयारी करतो आहे. ते दुसरं पान मात्र मी मागून घेतलं, आणि यंदाच्या वर्गाला पहिल्याच तासाला वाचून दाखवलं.